लाजेला माती कोण देणार?

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा-कंधार भागात कुणी गेलं की काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. फोन जातात, पाहुणे मिळेल त्या गाडीनं मातीला येतात. बायका उंबऱ्याच्या अलीकडूनच गळा काढतात. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या सवयी सांगत रडतात. त्या घरात चूल पेटत नाही. भाकरी शेजारून येते आणि कुणीतरी बळेच दोन घास खायला लावतं. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला डोकी भादरायची, तेराव्याला गोडाचं जेवण, आणि मग माणूस शेताकडं जायला मोकळा. लिंगायतांत, बौद्धांत, मुसलमानांत तपशील वेगळे, पण चार माणसांनी जवळ येऊन बसणं सगळीकडं आहेच.

यात कर्मकांड आहे, ऐपतीबाहेरचा खर्च आहे आणि नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसण्याचं क्रौर्यही आहे. त्याची वकिली मला करायची नाही. पण एक शहाणपण त्यात आहे. दुःख झालेल्या माणसाला तिथं पहिल्याच दिवशी कुणी 'विसर आता' म्हणत नाही. उलट न रडणाऱ्या बाईची काळजी वाटते. तिला बोलतं करायला एखादी म्हातारी जवळ बसवतात.

लाजेला मात्र असा कुठलाच रिवाज नाही. सोयाबीन पाण्यात गेलं, सोसायटीचं कर्ज थकलं, कृषी सेवा केंद्रातली उधारी दोन हंगाम तशीच राहिली, पोरीच्या लग्नाला उचललेल्या पैशाचं व्याज मुद्दलाला गाठायला लागलं, की माणूस आधी रस्ता बदलतो. मोंढ्यातल्या त्या दुकानासमोरून जायचं टाळतो. अनोळखी नंबर उचलत नाही; मग ओळखीचेही उचलत नाही. पाहुण्यांच्या लग्नाला बायकोला एकटीला पाठवतो. पारावर बसणं सुटतं. गावाला हे सगळं दिसत असतं आणि गाव सभ्यपणे दुसरीकडं बघत असतं. मयताच्या घरी गाव लोटतं. बुडालेल्याच्या घरी फक्त वसुलीवाला येतो.

अवघड भावनांपासून पळू नका, त्यांना सामोरे जा, आयुष्याला अर्थ सापडेल, हा उपदेश आता स्वस्त झाला आहे. व्याख्यानमालेत मिळतो, मोबाईलवर मिळतो, कीर्तनातही मिळतो. तो खोटा नाही. पण सगळ्या भावना एकाच दावणीला बांधून तो केला जातो आणि तिथंच फसतो. दुःख माणूस एखाद्या वेळी एकट्यानं पचवेल. लाज एकट्यानं पचत नाही, कारण ती मुळात दुसऱ्यांच्या नजरेतून तयार झालेली असते. चार लोक काय म्हणतील, यातले 'चार लोक' वगळले तर लाजेत उरतं काय? म्हणून ती विरघळायची तर त्या चार लोकांसमोरच विरघळणार. ज्याला घाबरून माणूस घरात बसतो, तिथंच त्याला जावं लागतं. ही अडचण आहे आणि उपदेश करणाऱ्यांना ती दिसत नाही.

तुकोबांचं उदाहरण आपण नेहमी वैराग्यासाठी देतो. मला ते दिवाळखोरीसाठी द्यावंसं वाटतं. १६३० च्या आगेमागेचा दुष्काळ, पहिली बायको अन्नावाचून गेलेली, मुलगा गेलेला, दुकान बसलेलं, बाजारात पत संपलेली. महाजनकी असलेल्या घराची ही अवस्था. पुढं आपलं चरित्र सांगणाऱ्या अभंगात त्यांनी हे काही लपवलेलं नाही. धंदा बुडाला, जिवाला लाज वाटली, असं त्यांनी आपल्याच तोंडानं नोंदवून ठेवलं. आणि हे सांगायला नको होतं, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो, अशी पुस्तीही जोडली. माझ्या दृष्टीनं सगळं मर्म त्या विचारण्यात आहे. कुणीतरी विचारलं, विचारणाऱ्याला हिशेब वसूल करायचा नव्हता, आणि सांगणाऱ्यानं सगळ्यांत अवघड गोष्ट वगळली नाही. लोकांकडून येणं असलेली खतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. ज्याला आपलं बुडणं चारचौघांत सांगता आलं, त्याला दुसऱ्याचं बुडणंही कळलं, असं मी त्याचं वाचन करतो.

आता आपल्या काळाचा हिशेब बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशभरात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जणांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या. शेतकरी म्हणून नोंद झालेल्या ५,२०७ जणांत पुरुष ४,९९९ आणि बायका २०८. बायकांचा आकडा खरा नाही हे उघड आहे. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांना सरकार दरबारी शेतकरी कोण म्हणणार? त्यांची नोंद 'गृहिणी' म्हणून दुसऱ्या रकान्यात जाते. पण ते धरूनही पुरुषांचा हा आकडा काहीतरी सांगतो. पाऊस, भाव आणि कर्ज घरातल्या दोघांनाही सारखंच झोडपतं. चारचौघांत मान खाली जायची ती मात्र कर्त्या पुरुषाची, अशी आपली समजूत आहे. कर्ज हा पैशाचा प्रश्न आहे. कर्जानं माणूस मरतो तेव्हा त्यात पैशाबरोबर आणखी काहीतरी मिसळलेलं असतं.

ते काहीतरी आपण मेल्यानंतरही बोलत नाही. 'पोटदुखीला कंटाळून' हे वृत्तपत्रातलं जुनं वाक्य आहे; किती पोटांत खरंच दुखत होतं ते देव जाणे. मदतीचा सरकारी रस्ताही मजेशीर आहे, म्हणजे रडू यावं इतका. २००५-०६ पासून वारसांना एक लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं: जमीन नावावर होती का, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं होतं का, नापिकीमुळंच थकलं का, वसुलीचा तगादा होता का. जी गोष्ट घरानं आयुष्यभर झाकली, ती आता विधवेनं कागदांनी सिद्ध करायची. हातउसने, खासगी व्याजाचे, पाहुण्यांचे पैसे कागदावर नसतात. मग प्रकरण 'अपात्र'. नवऱ्याची लाज बायकोच्या पदरात पडते, वर शेरा मारून.

टाळण्याचे मार्ग आपण भरपूर काढलेत. दारू हा जुना. रील हा नवा. रात्री दोन वाजेपर्यंत अंगठा सरकवणाऱ्या माणसाला करमणुकीची हौस असतेच असं नाही. तिसरा मार्ग सर्वांत प्रतिष्ठित: सकारात्मक विचार. वाईट मनात आणूच नका! अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला होता. लोकांना सांगितलं, पुढची काही मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. गंमत पुढं आहे. बंदी उठवून 'आता करा विचार' म्हटल्यावर, ज्यांनी आधी विचार दाबला होता त्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. थकलेला हप्ता हे काही अस्वल नाही. तो तर महिन्याच्या महिन्याला खरोखर दारात येतो.

बायकांनी या बाबतीत पुरुषांपेक्षा शहाणी व्यवस्था केली होती. जात्यावर बसलेली बाई पहाटेच्या अंधारात सासूचा जाच, माहेरचं तुटलेपण, नवऱ्याची बाहेरख्याली आणि मेलेलं लेकरू, सगळं ओवीत घालत असे. बोलण्याची बंदी होती, गाण्याची नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात मराठवाड्यातल्या बायकांच्याही ओव्या आहेत. तिथं जातीचा विटाळ आहे, उपासमार आहे, वांझ म्हणून झालेला अपमान आहे. म्हणजे नुसतं दुःख नाही, लाजही आहे. आणि ती एकटीनं म्हटलेली नाही. जात्याला बहुधा दोघी बसायच्या, एकीची ओवी दुसरी उचलायची. पिठाची गिरणी आली आणि बाईच्या दंडावरचं ओझं उतरलं. ते उतरायलाच हवं होतं. जात्याभोवतीची ती ऐकणारी जागा मात्र गेली आणि तिच्या बदल्यात आपण काही दिलं नाही. पुरुषाला तर ती कधी नव्हतीच. भजनात टाळ वाजवताना तो तुकोबांची लाज गातो. स्वतःची सांगत नाही.

शेजारच्या लातूर जिल्ह्यातला किल्लारीचा भूकंप आठवला की मला दुःख आणि लाज यांतला फरक जास्त स्पष्ट दिसतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटं. विसर्जनाची रात्र सरत होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. कुणाची राख कुठली हे कळायला मार्ग नव्हता. रिवाजच मोडून पडले. पुढं कित्येक महिने लोक घरात झोपायला तयार नव्हते. लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेचा पैसा आला, देशभरातून माणसं आली, भारतीय जैन संघटनेनं शेकडो मुलं पुण्याला शिकायला नेली. पुनर्वसनात चुका पुष्कळ झाल्या. सरळ रेषेतल्या नव्या वसाहतींत जुने शेजार तुटले, याची तक्रार बायका अजून करतात. पण घर पडलं म्हणून किल्लारीत कुणाची मान खाली गेली नाही. दरवर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी माणसं जमतात. इतक्या मोठ्या आघातातून तो भाग उभा राहिला, त्याचं श्रेय सिमेंटला आहेच. पण जे झालं ते मोठ्यानं सांगता येत होतं, यालाही आहे. त्याच दोन-तीन जिल्ह्यांत पुढच्या तीस वर्षांत माणसं एकेक करून गेली, त्यांचा स्तंभ कुठं आहे?

पीक बुडण्याला आपल्याकडं एकच विधी आहे, पंचनामा. तलाठी येतो, कृषी सहायक येतो, फोटो निघतो, क्षेत्र लिहिलं जातं. मग ई-केवायसी. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीनं नांदेड-लातूरमधली रानं खरडून नेली तेव्हा हे सगळं झालं. पंचनाम्यात माणसाबद्दल एकही रकाना नसतो. तो नसावाच कदाचित. तलाठ्यानं मन मोजू नये. पण मग ते काम कुणाचं?

लाज चारचौघांत बोलायची म्हटलं की दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनाचे आहेत.

पहिला असा, की बोलून काय होतं, जखम उगाच उकरली जाते. यात तथ्य आहे. आपत्तीनंतर लगेच लोकांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सगळं सांगायला लावायची पद्धत जगात बरीच वर्षं चालली. २००२ मध्ये त्यावरच्या संशोधनांचा एकत्रित आढावा निघाला, तेव्हा तिचा उपयोग दिसला नाही. काही जणांना तर त्रासच झाला. जागतिक आरोग्य संघटनाही आता ती वापरू नका म्हणते. म्हणजे 'बोल, बोल' म्हणून कॅमेरा किंवा समुपदेशक अंगावर घालणं हा उपाय नाही. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सर्वांत कठीण अनुभवाबद्दल लिहिलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना वाईटच वाटलं. नंतरच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच निघाला, पण एक कळतं: सामोरं जाणं म्हणजे लगेच बरं वाटणं नव्हे, आणि वेळ ज्याची त्यानं ठरवायची असते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात मिळत होते चार ते सव्वाचार हजार. अशा वेळी शेतकऱ्याला भावना हाताळायला शिकवणं ही थट्टा नाही का? आहे. दुःखातून अर्थ शोधण्याबद्दल ज्यांचं नाव सतत घेतलं जातं त्या व्हिक्टर फ्रँकल यांनीही हे बजावून ठेवलं आहे. नाझी छळछावण्यांत आई-वडील, भाऊ आणि बायको गमावलेला हा व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ. जे दुःख टाळता येत नाही त्यातही अर्थ सापडू शकतो, असं तो म्हणतो. जे टाळता येतं त्याचं कारणच दूर करावं, विनाकारण सोसण्यात शौर्य नाही, असंही म्हणतो. त्याचं पहिलं वाक्य फलकांवर लागतं, दुसरं लागत नाही.

पण कारण दूर करायला माणूस घराबाहेर यावा लागतो, आणि लाजेनं तो बाहेर येत नाही. शेतकरी नेते शरद जोशी यांचं मोठेपण मला इथं वाटतं. शेतीच्या अर्थशास्त्रावर त्यांच्याशी भांडता येईल. पण तुझं कर्ज हा तुझा गुन्हा नाही, धोरणानं तुझा भाव पाडला म्हणून ते झालं, असं त्यांनी १९८० च्या सुमारास लाखोंना उघड मैदानात सांगितलं आणि कर्जमाफीऐवजी कर्जमुक्ती मागायला शिकवलं. माफी गुन्हेगाराला असते. त्या सभांतून घरी जाणाऱ्या माणसाचं कर्ज एका रुपयानंही कमी झालेलं नव्हतं. तरी तो ताठ चालत होता. आपली लाज नीट उलगडून बघितली की तिच्यातली निम्मी आपली नसतेच, हे कळणं म्हणजे अर्थ सापडणं. उरलेल्या निम्म्याचं मग काहीतरी करता येतं: लग्नातला खर्च कमी करता येतो, जुगार सोडता येतो, बायकोला खरा आकडा सांगता येतो.

लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतल्या पोरांनाही हाच हिशेब कुणीतरी सांगायला हवा. २०२४ च्या नीटला २३ लाखांवर मुलं बसली; तेव्हा देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. विसात एकाला जागा होती. उरलेल्या एकोणिसांचं नापास होणं हे गणित आहे, चारित्र्य नव्हे. पण फ्लेक्सवर फक्त विसावा असतो.

आणि लाजेचं वाटप किती उलटं असतं, याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. ज्यांनी सोसलं त्यांनी ते जपलं, गाणी केली, दिवस पाळले. अपमान ही आपली लाज नाही, हे आंबेडकरी चळवळीनं त्यांना केव्हाच शिकवलं होतं. ज्यांच्या गावांनी हे केलं, त्यांच्या पारावर मात्र त्याचा विषय निघत नाही. मी इथं सवर्ण मराठवाड्याबद्दल बोलतोय. नापिकीची लाज आम्हाला मरेपर्यंत पुरते आणि ज्याची वाटायला हवी त्याचं आम्ही नाव काढत नाही. टाळण्याची सवय एकदा लागली की ती निवडक राहत नाही.

मग करायचं काय? तज्ज्ञांची वाट बघत बसलो तर पिढी जाईल. तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ मिळणं अजून दुर्मीळ आहे. सुदैवानं उत्तर तितकं महागही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच साध्या माणसांना ऐकायचं, धीर द्यायचं आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत न्यायचं प्रशिक्षण दिलं. दीड वर्षात उदासीनतेनं ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या प्रकल्पानं याच वाटेचं काम केलं. सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात मराठवाड्यातल्या आशाताईही घरोघरी फिरल्या. पण आशाताईच्या पिशवीत आधीच वीस कामं असतात, आणि पुरुष तिच्याशी बोलत नाही. त्याच्याशी बोलायला त्याच्या बरोबरीचा पुरुष लागेल: सोसायटीचा गटसचिव, भजनी मंडळातला टाळकरी, शाळेतला जुना मास्तर, ज्यानं स्वतः कर्ज काढलंय आणि बुडवलंयही.

माझी मागणी साधी आहे. सोयाबीन काढणी झाली की नोव्हेंबरात प्रत्येक गावात एक संध्याकाळ ठेवा. पुढारी नको, सत्कार नको, फ्लेक्स नको. ज्याची पत गावात चांगली आहे त्यानं आधी उठावं आणि आपल्यावर किती कर्ज आहे ते आकड्यानिशी सांगावं. सुरुवात त्यानंच करायची. बुडालेल्याला पहिला उभा करायचा नाही. कुणावर बोलायची सक्ती नाही. नुसतं ऐकून गेला तरी चालेल.

आणि ज्याला तेवढाही धीर नाही त्याच्यासाठी: टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर १४४१६. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा न करता त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीनं काही झाकू नका.